समुद्र विणायचा तर निळी लोकरच का घ्यायची?

लोकरवेडी

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या विणकामाच्या गटाला (आम्ही सहा-सातजणी, मुक्काम रत्नागिरी) इथल्या एका वाचनालयाने भिंतीवर लावायला मोठं काम करून मागितलंय. साधारण पाच फूट बाय तीन फूट, क्रोशा, दोन सुयांवरचं, भरतकाम, काहीही चालेल. विषय त्यांनीच दिलाय, ‘समुद्र’.

विषय ऐकून सगळ्या खूश. पहिल्याच बैठकीत प्रत्येकीने मोबाइलवरून नमुने काढून आणले आणि सगळे एकाच साच्यातले. गडद निळा, फिका निळा, वर पांढरा फेस, कोपऱ्यात केशरी तारामासा, एखादं शिडाचं जहाज. सुबक आहेत, नाही म्हणत नाही. पण खिडकीतून बाहेर बघितलं की जो समुद्र दिसतो तो यातला एकही नाही.

तर प्रश्न असा, की तुमच्यापैकी ज्यांनी समुद्रावरून काही विणलंय, भरलंय, गुंफलंय, त्यांनी समुद्रातून नेमकं काय उचललं? रंग, आकार, पोत, हालचाल? आणि ते टाक्यांत कसं आणलं? नुसते फोटो टाकू नका, कसं केलंत तेही लिहा. काम दिवाळीनंतर लावायचं आहे.

सीगल_डोंबिवली

पहिला! डोंबिवलीत समुद्र नाही, सुई धरता येत नाही, तरी धाग्यावर बसलोय. वाचतोय.

खाडीकाठ

लोकरवेडी ताई, अहो रत्नागिरीत राहून हा प्रश्न? तुमच्या गावातच एकाला काळा समुद्र म्हणतात नि दुसऱ्याला पांढरा समुद्र. निळा समुद्र कुणी म्हटलेला मी तरी ऐकला नाही. नावं पाण्यावरून नाहीत, वाळूवरून आहेत. मांडवीच्या बाजूची वाळू काळी, त्यात इल्मेनाइट हे जड खनिज आहे. ओली वाळू मुठीत घेऊन उन्हात धरा, काळ्यात बारीक चमचम दिसते. पलीकडच्या किनाऱ्याला शिंपल्यांचा चुरा जास्त, म्हणून ती पांढुरकी.

आणि पाण्याचं म्हणाल तर आपला समुद्र वर्षभर एका रंगाचा कधी नसतो. जून ते सप्टेंबर नद्या जांभ्याची माती घेऊन येतात, तेव्हा खाडीच्या तोंडाशी पाणी सरळ तांबूस-मातकट. पाऊस गेला की हळूहळू हिरवट व्हायला लागतं. हिवाळ्यात सकाळी राखाडी, दुपारी हिरवं, संध्याकाळी काशासारखं पिवळट. निळं दिसतं ते दूरवर, आणि तेही आकाशाच्या मेहेरबानीने.

माझं मत विचाराल तर राखाडी, शेवाळी, गेरू, काळा, कच्चा पांढरा इतकेच रंग घ्या. निळा एक गुंडा आणा, पण कपाटात ठेवा.

आडटाका

खाडीकाठांचं रंगाबद्दल पटलं. पण मी म्हणेन रंगाच्या आधी टाका ठरवा. लाटेचं चित्र काढायचं असेल तर रंग आणि कुंचला आहेच की. विणकामात लाट वेगळ्या वाटेने येते. एका जागी टाके कमी केले नि शेजारी तेवढेच वाढवले, की कापड आपोआप वर-खाली वळतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथल्या जाळीदार शालींमध्ये एक फार जुना नमुना आहे, ‘ओल्ड शेल’. ओहोटीनंतर वाळूवर ज्या वळणदार रेघा राहतात त्या त्यात दिसतात. करायला सोपा, चारच ओळी आणि १८ टाक्यांचा संच:

पहिली ओळ सगळी सुलट. दुसरी सगळी उलट. तिसरी म्हणजे खरी ओळ. दोन टाके एकत्र विणून एक, असं तीनदा. मग दोरा सुईवर घ्या, एक सुलट, असं सहा वेळा. मग परत दोनाचा एक तीनदा. चौथी ओळ पुन्हा सुलट.

तिसऱ्या ओळीत सहा टाके गेले नि सहा आले, म्हणजे १८ चे १८ च राहिले. पण जिथे वाढवले तिथे कापड फुगतं, जिथे मिटवले तिथे दबतं, नि ओळ नागमोडी होते. चौथी ओळ उलट बाजूने सुलट विणल्यामुळे पुढून एक उठावाची रेघ येते, तीच वाळूवरची रेघ. दर संचाला रंगाची छटा किंचित बदला. काळ्याकडून पांढऱ्याकडे गेलात तर खाडीकाठांचे दोन्ही समुद्र एकाच पट्टीत बसतील.

फक्त झाल्यावर ओलं करून टाचण्या लावून ताणून वाळवायला विसरू नका. नाहीतर ती लाट न दिसता चुरगळलेला मफलर दिसेल.

मालवणी_खाजा

बांगडो विणलास तर माका सांग गो, तिखला करूक मी येतंय.

गणित_मास्तर

विणकाम येत नाही, पण या विषयात माझ्या विषयाचा संबंध आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. हलके घ्या.

क्रोशाने सपाट गोल करणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल, मुक्या खांबाचा (क्रोशातल्या बुटक्या टाक्याचा) गोल असेल तर प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे. (हे मला बायकोने सांगितलं.) सहापेक्षा कमी वाढवलेत तर गोल वाटीसारखा वर वळतो नि टोपी होते. जास्त वाढवलेत तर कडेला झालर यायला लागते. ही झालर विणणाऱ्याला चूक वाटते. भूमितीत तिला ‘हायपरबोलिक’ पृष्ठभाग म्हणतात. शाळेतली भूमिती सांगते की रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर एकच रेषा जाते. या पृष्ठभागावर अशा कितीही रेषा जातात.

गणितज्ञ याची प्रतिकृती कागदाच्या पट्ट्या चिकटवून करायचे, नि ती हाताळली की फाटायची. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या लाटव्हियन गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी ती क्रोशाने विणली. नियम एका वाक्याचा आहे: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, आणि हे प्रमाण शेवटपर्यंत बदलायचं नाही. वर्गातली मुलं ती दुमडून, ताणून, तिच्यावर रेषा टाचून बघू शकली.

आता समुद्राशी संबंध. प्रवाळ, समुद्री गोगलगायींच्या कडा, काही शेवाळं यांचे आकार याच जातीचे आहेत. ज्या जीवाला जागेवर बसून पाण्यातून अन्न टिपायचंय किंवा ऊन पकडायचंय, त्याला थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग लागतो. कड मधल्या भागापेक्षा वेगाने वाढली की ती दुमडतेच, दुसरा इलाज नसतो. म्हणजे प्रवाळ आणि क्रोशा दोघेही ‘कडेला वाढत जा’ हा एकच नियम पाळतात. यात नक्कल नाही, रीतच एक आहे.

एक इशारा. प्रत्येक टाक्यात दोन, असं करायला जाऊ नका. १० टाक्यांनी सुरुवात केलीत तर पाचव्या वाढीला ३२० होतात आणि नवव्या वाढीला ५१२०. लोकर आणि घरातली शांतता, दोन्ही संपेल.

बोंबील

मास्तर, दंडवत. पण आमच्या हिने असलं एक करून टीव्हीवर ठेवलंय, आणि आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, कोबी कुणी विणला? गेल्या आठवड्यात भाजीवाला घरात डोकावला, त्याने भावही सांगितला.

मुका_खांब

बोंबील, कोबीही त्याच कुळातला आहे, तेव्हा पाहुण्यांची नजर चांगली आहे असं समजा :)

मास्तरांनी सांगितलं ते मी बरंच करून बघितलंय, त्यामुळे हाताला कळलेलं लिहिते. दर तिसऱ्या टाक्याला वाढवलं तर चार-पाच ओळींतच घट्ट गुंडाळी होते, मेंदूसारख्या दिसणाऱ्या प्रवाळासाठी ते छान. दर आठव्याला वाढवलं तर संथ झालर येते, तिचं शेवाळ करा. मुका खांब घातला तर आकार ताठ उभा राहतो, उंच खांब घातला तर लोंबतो. सुई लोकरीच्या मानाने एक नंबर बारीक घ्या, म्हणजे वीण दाटते. मऊ लोकरीपेक्षा सुती दोरा आकार धरून ठेवतो. शेवटच्या ओळीत तांब्याची बारीक तार टाक्यांच्या आत घेऊन विणली तर कड हवी तशी वळवता येते, पण कोकणात ती हिरवी पडणार हे लक्षात घ्या. कधीकधी ते हिरवंही बरं दिसतं.

याचा सगळ्यात मोठा प्रयोग म्हणजे मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या जुळ्या बहिणींचा ‘क्रोशे कोरल रीफ’, म्हणजे क्रोशाचा प्रवाळ खडक. मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या अंगणातल्या. २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या घरात त्यांनी ताइमिन्यांच्या रीतीने विणायला घेतलं, पण नियम मुद्दाम मोडत. मध्येच प्रमाण बदल, मध्येच दोरा बदल. नियम तंतोतंत पाळला तर आकार फार गुळगुळीत, मेलेला वाटतो. मोडला की जिवंत होतो. पुढे गावोगावच्या लोकांनी आपापले रीफ विणले, आणि २०१९ मध्ये हे काम व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कला-प्रदर्शनात लागलं.

त्यांचा एक रीफ पांढरा आहे. पाणी तापलं की प्रवाळ आपल्या आतल्या शैवालाला बाहेर काढतं, रंग मुख्यतः त्या शैवालाचाच असतो, म्हणून मागे पांढरा सांगाडा दिसतो. २०१६ आणि २०१७, लागोपाठ दोन वर्षं ग्रेट बॅरियर रीफवर हे मोठ्या प्रमाणात झालं. निव्वळ पांढऱ्या दोऱ्यात इतकं सांगता येतं, हे मला तिथे कळलं.

दर्यावर्दी_दादर

सगळे आंतरजालावरून समुद्र बघताय, म्हणून लिहितो. ओहोटीला खाली उतरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, सुकती खूप लांबपर्यंत जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला खडक उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत जाऊन उपयोग नाही, पाणी फार मागे सरत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा, नि पाणी वळायच्या आधी परत फिरा.

मुंबईत हाजी अलीच्या मागच्या खडकावर काय असतं ते मी अनेक मुंबईकरांना दाखवलंय, कुणाचा आधी विश्वास बसत नाही. झोॲन्थिड नावाचे जीव गालिच्यासारखे पसरलेले असतात. एकेक बटणाएवढा, मधे हिरवी चकती, भोवती बारीक झालर, नि पाणी ओसरलं की सगळे मिटून तपकिरी गुळगुळीत गाठी होतात. क्रोशावालीला याहून काय हवं? २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट गिरगाव, जुहू, वांद्रे अशा किनाऱ्यांवर लोकांना हे दाखवत फिरतो. सागरी किनारा मार्ग बांधताना वरळी-हाजी अलीची प्रवाळं २०२० मध्ये उचलून दुसरीकडे हलवावी लागली, म्हणजे ती तिथे होती, ही गोष्टच बहुतेकांना तेव्हा कळली.

आणि प्रवाळ फक्त लक्षद्वीपला असतं असं समजणाऱ्यांसाठी: मालवणच्या समुद्रात आहे, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रे बँक नावाचं बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं, तिथे तर आहेच आहे.

एक विनंती. प्रेरणा म्हणून प्रवाळाचा तुकडा, समुद्रपंखा, काहीही घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ‘इंद्रजाल’ म्हणून फ्रेम करून विकतात ना, घरात बरकत येते म्हणून, तेही बहुतेक वेळा समुद्रातलाच असा जीव असतो. फोटो काढा, चित्र काढा, आणि तो जिथे आहे तिथे राहू द्या.

लोकरवेडी

बाप रे, एका दिवसात इतकं! आडटाका, तुमचा नमुना रात्रीच घालून बघितला, राखाडीत अप्रतिम दिसतोय. दर्यावर्दी, खडक आमच्याकडे थोडा लांब आहे. नुसत्या वाळूच्या किनाऱ्यावर बघण्यासारखं काय?

दर्यावर्दी_दादर

वाळूवर तर मजा आहे. ओहोटीला ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या-ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते ना, मधोमध एक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या ओळी? ते नखाएवढ्या खेकड्यांचं काम. वाळू तोंडात घेतात, कणांवरचं अन्न चाटून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळापासून एका रेषेत बाहेर जायचं, परत यायचं, पुढची रेषा धरायची. उकिडवं बसून अगदी निश्चल राहा, मिनिटभरात बाहेर येतात. पुढची भरती सगळं पुसते आणि ते पुन्हा सुरू.

माझी आई भरतकाम करायची. तिने बघितल्या बघितल्या सांगितलं, हा गाठीचा टाका आहे. जाड सुती दोरा, सुईला दोन वेढे, आणि बिळापासून बाहेरच्या दिशेने गाठी लहान-मोठ्या. तिने ते मातकट खादीवर त्याच रंगाच्या दोऱ्याने भरलं होतं. लांबून काही दिसत नाही, हात फिरवला की कळतं.

कापूसकोंड्या

सगळं गोड गोड चाललंय म्हणून मिठाचा खडा टाकतो. ॲक्रिलिक लोकर म्हणजे प्लास्टिक. ती धुतली की तिचे तंतू पाण्यात जातात, पाणी शेवटी समुद्रात. प्लास्टिकचे गुंडे विकत आणून ‘समुद्र वाचवा’ विणायचं, हे मला पटत नाही. प्रवाळाच्या नावाने हौस भागवणं झालं ते. करायचंच तर सुती, नाहीतर खरी लोकर.

मुका_खांब

कापूसकोंड्या, मुद्दा खरा आहे, पण भिंतीवरचं काम आठवड्याला धुवायचं नसतं. तंतू पाण्यात जातात ते मुख्यतः धुताना. आणि खरी लोकर परवडणारी किती जणींना? गटातल्या बायका घरखर्चातून लोकर घेतात. त्यापेक्षा नवीन घेऊच नका. प्रत्येक घरात मुलांचे आखूड झालेले स्वेटर आहेत. उसवा, आटी घाला, गरम वाफेवर धरून वळ्या काढा नि वापरा. पोर्तुगालची व्हनेसा बर्रागाओ नावाची कलाकार गालिचा कारखान्यांत उरलेल्या लोकरीतून भिंतभर प्रवाळ करते. टाकाऊ लोकर आहे असं सांगितल्याशिवाय कळतही नाही.

कापूसकोंड्या

उसवलेल्या स्वेटरला माझी हरकत नाही. मूळ वाक्य मात्र मागे घेत नाही.

ब्रिस्बेनचा_बाळ्या

इकडच्या एका गोष्टीची भर. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टोरेस सामुद्रधुनीत एरुब नावाचं छोटं बेट आहे. मासेमारीची टाकून दिलेली किंवा तुटलेली जाळी वाहत येतात, त्यांना इकडे ‘भुताची जाळी’ म्हणतात, कारण मालक नसला तरी ती मासे आणि कासवं धरतच राहतात. बेटावरचे कलाकार ती जाळी उसवून, गुंडाळून, शिवून त्यातून कासवं, मासे, शार्क करतात, काही माणसापेक्षा मोठी. मी प्रदर्शनात जवळून बघितलंय. नायलॉनचा तो विटका हिरवा आणि निळा रंग उन्हाने आणि मिठाने आलेला असतो, तो कुठल्याही दुकानात मिळणार नाही. कासव ज्या जाळ्यात मरतं त्याच जाळ्याचं कासव, यावर वेगळा फलक लावायची गरज पडत नाही.

कापूसकोंड्या काका, प्लास्टिक आहे, पण आधीच समुद्रात होतं ते. चालेल ना?

खाडीकाठ

बाळ्या, उत्तम. आमच्याकडेही पावसानंतर किनाऱ्यावर जाळ्यांचे गुंते येतात. पण लोकरवेडी ताई, गोळा करणार असाल तर दोन दिवस गोड्या पाण्यात भिजत घाला, पाणी बदलत राहा, कडक उन्हात वाळवा, नाहीतर वाचनालयात सुकटीचा वास येईल. हातमोजे घाला, आत गळ अडकलेले असतात.

आता जरा मनातलं बोलतो. सगळे शेटलंड आणि व्हेनिसला जाऊन आले, पण आपल्या किनाऱ्यावर जाळं विणणारा माणूस अजून आहे, त्याचं नाव या धाग्यात आलं नाही. माझे आजोबा जाळी विणायचे. एका हातात चपटी बांबूची सुई, तिच्यात दोरा भरलेला. दुसऱ्या हातात बांबूचीच पट्टी, तिच्या रुंदीवर आस ठरायचा, म्हणजे जाळ्याचा डोळा. बांगड्याला एक पट्टी, बोयट्याला दुसरी. दोरा पट्टीवरून खाली, वरच्या डोळ्यातून वर, अंगठ्याने दाबून धरायचं, मागून वेढा, नि ओढ. गाठ बसल्याचा बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. अंधारातही विणत बसायचे. तेव्हा दोरा सुती होता, तो कुजू नये म्हणून ऐनाची साल उकळून त्या काढ्यात जाळं बुडवायचे. दाट तांबूस-तपकिरी रंग यायचा. नायलॉन आलं आणि ऐनाची साल गेली.

वाचनालयवाल्यांना समुद्र हवाय ना? मग एखाद्या रापणकाराला (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या कोळ्याला) बोलवा, चौकटीचं सगळं मूळ जाळं त्याच्याकडून विणून घ्या आणि तुमचे टाके त्यावर चढवा. फुकट मागू नका, मजुरी द्या. आणि खाली नावं लिहाल तेव्हा त्याचंही लिहा.

आडटाका

खाडीकाठ, प्रतिसाद फार आवडला. ऐनाच्या सालीने सुती दोरा आजही रंगवता येईल, साल मिळाली तर. चुना किंवा लोखंडाचं पाणी घालून छटा गडद करता येते, टॅनिन असतं ना त्यात. लोखंडाने काळपट राखाडी येईल. ताईंना काळा समुद्र तिथेच मिळाला.

सीगल_डोंबिवली

जाळ्यावरून आठवलं, कुठेतरी वाचलंय की ब्रिटन-आयर्लंडकडच्या कोळ्यांच्या स्वेटरवर प्रत्येक गावाची वेगळी नक्षी असायची. का, तर बुडालेल्याचं प्रेत लांबच्या किनाऱ्याला लागलं तर स्वेटरवरून गाव ओळखता यावं. अंगावर काटा आला होता.

मुका_खांब

सीगल, काटा आवरा. गोष्ट सुंदर आहे पण पुरावा फारसा नाही. नमुने गावोगाव फिरत होते. बायका हेरिंगच्या हंगामात एका बंदरातून दुसऱ्या बंदरात मासे साफ करायला जायच्या, एकमेकींचं बघून विणायच्या. या समजुतीचं एक मूळ १९०४ च्या एका आयरिश नाटकात सांगतात. त्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती मोज्यावरून, कारण तिने किती टाके घातले आणि किती सुटले होते ते तिला आठवतं. म्हणजे तिथेही गावाची नक्षी नाहीच, स्वतःच्या हाताचे टाके आहेत.

ते स्वेटर मात्र बघण्यासारखे. बारीक सुयांवर गच्च विणलेले, वारा आत जाऊ नये म्हणून. काखेत चौकोनी कळी, वल्हं मारताना हात मोकळा राहावा म्हणून. नक्षीत दोर, शिडी, जाळं, माशाचा काटा. आणि हो, लोकर बहुतेक गडद निळीच :)

लोकरवेडी

अरेरे, शेवटी निळी आलीच.

गणित_मास्तर

अवांतर. समुद्रावरून प्रेरणा घ्यायची सोडून समुद्रातूनच धागा काढणारेही होते. भूमध्य समुद्रात पिन्ना नोबिलिस नावाचा मोठा शिंपला असतो, वाळूत उभा रुतून बसतो नि तंतूंनी घट्ट धरून ठेवतो. ते तंतू धुऊन, विंचरून, पिळून सोनेरी तपकिरी धागा करत, त्याला सागरी रेशीम म्हणतात. इटलीच्या सार्डिनियाजवळ सांत-आंतिओको बेटावर ही कला राहिली. शिंपला आता संरक्षित आहे, आणि २०१६ पासून एका परजीवीने तो इतका मारला की २०१९ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं.

रंगाचंही तसंच. राजेलोकांचा जांभळा म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायींतून निघायचा. १९०९ मध्ये फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने तपासणीसाठी १२,००० गोगलगायी घेतल्या, आणि रंग मिळाला १.४ ग्रॅम.

बोंबील

१२,००० गोगलगायी म्हणजे आमच्या हिच्या एका साडीचा काठसुद्धा होणार नाही. मास्तर, हे घरी कुणाला सांगू नका.

आणि धागा भरकटला म्हणावं का? हा धागा की तो धागा ते तुम्ही ठरवा.

लोकरवेडी

परत रुळावर आणते. काल गटाची बैठक झाली, तुमचे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. भांडण झालं, पण चांगलं.

ठरलं ते असं. दोन तुकडे न करता एकच लांब पट. डावीकडून काळी वाळू सुरू होईल, उजवीकडे पांढरी. मधे पाणी, ते आडटाकांच्या ‘ओल्ड शेल’ मध्ये, राखाडी-शेवाळी-गेरू, सगळी उसवलेल्या स्वेटरची लोकर. पांढऱ्या बाजूला खेकड्यांच्या गोळ्या, कच्च्या पांढऱ्यावर कच्च्या पांढऱ्या गाठी. ते दोन मुलींना दिलंय, त्या तीन संध्याकाळी किनाऱ्यावर उकिडव्या बसून आल्या. पाटीवर लिहू, ‘हात लावून बघा’. लहान मुलं येतात वाचनालयात, लागू दे हात.

जाळ्याचं: भाट्याच्या बाजूच्या एका काकांनी पाठीमागचं जाळं विणून द्यायचं कबूल केलंय. मजुरी त्यांनीच सांगितली, आम्ही घासाघीस केली नाही. पट्टीची रुंदी विचारली तर म्हणाले, मासा कुठला धरायचाय ते सांगा. आम्ही म्हटलं, मासा नाही, लोकर. बराच वेळ हसत होते.

प्रवाळ घालायचं नाही असं मी म्हणत होते, आपल्या दोन्ही किनाऱ्यांवर ते दिसत नाही म्हणून. पण एका काकूंनी आधीच झालरीचे चार गोळे विणून आणले, इतके देखणे की नाही म्हणवेना. ते खालच्या कडेला, पाण्याच्या खाली, जिथे कुणाची नजर सहज जात नाही तिथे लावणार. आंग्रे बँक समजा.

तारामासा मतदानात हरला.

आता अडचण. वजन अंदाजे चार-पाच किलो होईल. विणलेलं काम लोंबकळून खाली लांबतं हा अनुभव आहे. कसं टांगायचं?

आडटाका

जाळ्यावर भरवसा ठेवू नका, तेही ओढलं जातं. मागे जाड मांजरपाट घ्या, आधी धुऊन आटवून. काम सपाट टेबलावर आडवं ठेवून मांजरपाटावर उभ्या रांगांत टाचा, दर चार-पाच बोटांवर एक रांग, म्हणजे वजन वरच्या कडेवर न येता सगळ्या कापडावर वाटलं जाईल. वर कापडाचीच नळी शिवा आणि त्यात बांबू घाला. खाली काही वजन घालू नका, मग ते लांबणारच. गोळे मांजरपाटापर्यंत सुई नेऊन स्वतंत्र शिवा.

कापूसकोंड्या

वाळवी लागणार नाही असा बांबू घ्या. आणि लोकर उसवलेली असली तरी टाचायचा दोरा सुती.

खाडीकाठ

आणि भिंतीपासून दोन बोटं पुढे राहील असं टांगा, मागे हवा खेळली पाहिजे. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात बुरशी. पश्चिमेची भिंत असेल तर त्यांच्याकडून दुसरी मागून घ्या.

लोकरवेडी

पश्चिमेचीच आहे. आणि जुलैत ओल येते म्हणे. उद्या जाऊन ग्रंथपालांशी बोलते.

मालवणी_खाजा

म्हणजे बांगडो नायच?